रिव्हेराची शैली समजायची तर आधी चुना समजून घ्यावा लागतो

प्रश्न असा आहे: मेक्सिकोच्या डिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं इतकी ठसठशीत, गोलाईदार आणि खचाखच भरलेली का दिसतात? आणि त्याच्या पद्धतीनं एखादा छोटा तुकडा करून पाहायचा तर कुठून सुरुवात करायची?

दोन्हींचं उत्तर ओल्या गिलाव्यात आहे. रिव्हेराविषयी वाचायला गेलं की साम्यवाद, अ‍ॅझटेक शिल्पं, फ्रीडा कालोबरोबरचा वादळी संसार हेच पुढे येतं. ते खोटं नाही. पण त्याच्या आकृतींची बाह्यरेषा इतकी बंदिस्त का, त्याच्याकडे मातकट रंगच जास्त का, पाठमोरी माणसं आणि शालीत गुंडाळलेल्या बायका एवढ्या का, हे राजकारणातून कळत नाही. गवंड्याच्या थापीतून कळतं.

आधी आयुष्य, लागेल तेवढंच. जन्म ८ डिसेंबर १८८६, ग्वानाह्वातो. मेक्सिको सिटीतल्या सान कार्लोस अकादमीत लहान वयातच प्रवेश, तिथं होसे मारिया वेलास्कोसारखे शिक्षक. १९०७ मध्ये वेराक्रूस राज्याच्या गव्हर्नरनं दिलेल्या शिष्यवृत्तीवर स्पेन, मग पॅरिस. १९१३ ते १९१७ या काळात तो पक्का क्युबिस्ट होता, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून अनेक बाजूंनी दाखवणारा. १९१५ मधलं बंदूक, टोपी आणि विणलेली शाल यांचं 'झापातिस्ता निसर्गचित्र' त्याच काळातलं. नंतर क्युबिझम सोडून तो फ्रेंच चित्रकार सेझानकडे वळला आणि १९२०-२१ मध्ये इटलीत फिरून जोत्तो, पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हे जुने भित्तिचित्रकार, राव्हेन्नाची मोझेक वगैरेंची रेखाटनं करत बसला. मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री तेव्हा ओसरली होती आणि होसे वास्कोन्सेलोस हा शिक्षणमंत्री सरकारी भिंती चित्रकारांना द्यायला निघाला होता. रिव्हेरा १९२१ मध्ये परतला तो या भिंतींसाठी. (एक सावधगिरी: रिव्हेरानं स्वतःबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं धरू नका. थापा मारण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या भिंती मात्र खोटं बोलत नाहीत.)

गंमत म्हणजे पहिल्या भिंतीवर त्यानं फ्रेस्को, म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरचं चित्र, केलंच नाही. राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयाच्या बोलिव्हार सभागृहात १९२२-२३ मध्ये त्यानं 'निर्मिती' हे चित्र मेणात केलं. म्हणजे रंगद्रव्य, मेण आणि राळ एकत्र करून ते तापवून भिंतीत मुरवायचं. रंग खोल येतो, टिकतोही. पण शंभर चौरस मीटरच्या आसपासच्या भिंतीला वर्षभर लागलं. या वेगानं सार्वजनिक इमारती रंगवायच्या तर जन्म पुरणार नाही, हे उघड होतं. त्याच विद्यालयात झान शार्लो या तरुण फ्रेंच-मेक्सिकन चित्रकारानं चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काम करून दाखवलं आणि मग सगळ्यांची गाडी तिकडे वळली.

१९२३ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीचं काम सुरू झालं. दोन चौक, तीन मजले, दोनशेहून अधिक पॅनेल, एकूण दीड हजार चौरस मीटरहून जास्त चित्र. काम १९२८ पर्यंत चाललं. सुरुवातीला त्यानं रंगात नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाचा आंबवलेला रस घातला. प्राचीन मेक्सिकन चित्रकारांचं हरवलेलं गुपित सापडलं म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. पण हा चिकट रस सेंद्रिय पदार्थ आहे. चुन्याच्या थरात अडकून तो कुजतो, आणि भिंतीवर डाग उमटतात. उमटले तसेच. रिव्हेरानं मुकाट्यानं रस सोडला आणि इटालियन पद्धतीच्या शुद्ध फ्रेस्कोवर आला. आपल्याकडे अजूनही कुणी "रंगात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला, पकडेल" असं सांगतं, तेव्हा हा निवडुंग आठवावा. खऱ्या फ्रेस्कोत चिकटवायला काहीच लागत नाही. गिलावाच रंगाला धरतो.

कसा धरतो ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवला की लोण्यासारखा लगदा होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानवाल्याच्या डबीत असतो तोच. हा लगदा वाळूत मिसळून भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी व्हायला लागतो. गिलावा ओला असताना नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावला, तर आतून बाहेर येणारं चुन्याचं पाणी पृष्ठभागावर काचेसारखी पातळ साय धरतं आणि रंगाचे कण तिच्यात कोंडले जातात. ही साय एकदा बसली की वरून लावलेला रंग नुसता बसून राहतो, बोटाला पुसून येतो. म्हणजे वेळ मोजकीच. साधारण हवामानात गिलावा लावल्यानंतर तास-दोन तासांनी रंग घेण्याची वेळ सुरू होते आणि पुढे सहा-आठ तास मिळतात.

जाता जाता: अजिंठ्याला सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं, ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. तिथं माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, वर पातळ पांढरा लेप, आणि कोरड्या पृष्ठभागावर खळीत कालवलेले रंग आहेत. तिथल्या चित्रकाराला आज अर्धवट राहिलेलं बोट उद्या पूर्ण करता यायचं. रिव्हेराला नाही.

म्हणून फ्रेस्कोवाला भिंत एकदम लिंपत नाही. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लावतो. दिवस संपला की न रंगवलेला गिलावा आकृतीच्या कडेनं सुरीनं तिरका कापून काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी त्या कापलेल्या कडेला नवा गिलावा भिडवतो. हा सांधा दिसू नये म्हणून तो आकृतीच्या बाह्यरेषेवरच आणावा लागतो: खांद्याच्या कडेनं, टोपीच्या काठानं, शालीच्या घडीतून. आभाळाच्या मधोमध सांधा आला तर तो वर्षानुवर्षं डोळ्यात खुपतो, कारण दोन दिवसांचा निळा कधीच तंतोतंत सारखा वाळत नाही.

आता रिव्हेराची आकृती बघा. सलग वळणाची कड, आतला आकार लाकडी ठोकळ्यासारखा भरीव, पाय-हात शरीराला चिकटलेले, केसांच्या भुरभुरत्या बटा नाहीत, धूसर कडा नाहीत. तेलरंगात जी गोष्ट हळूहळू विरघळवत नेता येते ती इथे परवडत नाही. प्रत्येक माणूस म्हणजे जणू एक तोडता येण्याजोगा तुकडा. आणि माणसांमागे माणसं खेटून उभी केली की मोकळी पार्श्वभूमी उरतच नाही, म्हणजे सांध्यांना लपायला कडाच कडा. हे त्यानं सोयीसाठी केलं असं म्हणायचं नाही. जोत्तोकडून त्यानं भरीव आकार घेतला, क्युबिझमकडून एकाच चौकटीत अनेक जागा आणि अनेक काळ बसवायची हातोटी घेतली, जुन्या मेक्सिकन चित्रपोथ्यांकडून आकृती एकावर एक चढवत नेण्याची पद्धत घेतली. पण हे तिन्ही धडे चुन्याला मानवणारे निघाले म्हणून टिकले. त्याच्या क्युबिस्ट काळातले पोताचे खेळ चुन्याला मानवत नव्हते. ते भिंतीवर आलेच नाहीत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डेट्रॉइटमध्ये आहे. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सच्या चौकात एडसेल फोर्डच्या पैशानं त्यानं १९३२-३३ मध्ये २७ पॅनेल केली. आधी काही महिने तो फोर्डच्या रूज कारखान्यात फिरून रेखाटनं करत होता. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-८ इंजिन तयार होतंय, दक्षिणेच्या भिंतीवर गाडीची बॉडी. दक्षिण भिंतीवरच्या दाब देणाऱ्या प्रचंड यंत्राच्या आकारात अ‍ॅझटेक देवता कोआत्लिक्वेच्या मूर्तीची ठेवण स्पष्ट दिसते.

त्या भिंतीवरचा एक दिवस जवळून पाहू. पूर्ण मापाचं कोळशातलं रेखाटन कागदावर तयार असतं. खालच्या खरखरीत थरावर ते लाल रंगात उतरवलेलं असतं, म्हणजे उद्या कुठला तुकडा लावायचा हे गवंड्याला दिसतं. मदतनीस रात्रीच शेवटचे पातळ थर चढवतात: मुरलेला चुना आणि संगमरवराची भुकटी. पहाटेच्या सुमारास गिलावा रंग घेण्याजोगा होतो. कागदाच्या रेषांवर बारीक भोकं पाडलेली असतात, त्यावरून रंगाची पुरचुंडी आपटून ठिपके उतरवतात. रिव्हेरा परांचीवर चढतो आणि आधी फक्त काळ्यानं काम करतो. द्राक्षवेलीच्या कोळशाचा काळा पाण्यात पातळ करून सगळ्या छटा, सगळी गोलाई आधी करड्यात बांधून घ्यायची. हे काम विजेच्या उजेडातही चालतं, कारण त्यात रंगाचा संबंध नाही. दिवसाचा उजेड आला की त्या करड्यावर रंगांचे पारदर्शक हात. त्याच्या चित्रांतला तो जड, शिल्पासारखा उठाव या काळ्या बांधणीतून येतो. लोक तो रंगात शोधतात आणि चुकतात. आणि काही चुकलंच तर उपाय एकच: तुकडा फोडून काढायचा, पुन्हा गिलावा लावायचा.

रंगपेटी छोटी असते, आणि तीही चुन्यानंच ठरवलेली. चुना तीव्र अल्कधर्मी आहे. प्रशियन ब्लू त्यात तपकिरी पडतो, बहुतेक सेंद्रिय रंग उडतात, शिशाचा पांढरा काळवंडतो. उरतात ते मातीचे आणि लोहाचे रंग, क्रोमियमचा हिरवा, कोबाल्टचा निळा. पांढरा म्हणजे चुनाच. म्हणून रिव्हेरात विटकरी, गेरूचा, पिवळ्या मातीचा पट्टा एवढा मोठा दिसतो. शेतकऱ्याच्या कातडीचा रंग आणि जमिनीचा रंग एकच आहे हे त्याचं म्हणणं होतं खरं, पण त्याची रंगपेटीही तेच म्हणत होती.

आता करून पाहायचं. भिंतीवर नको, फळीवर करा. यालाही रिव्हेराचा आधार आहे. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन झालं तेव्हा भिंती तर उचलून नेता येत नव्हत्या, म्हणून त्यानं लोखंडी चौकटीत जाळी आणि गिलावा बसवून सुटी फ्रेस्को पॅनेल केली. पुढे १९३३ मध्ये रॉकफेलर सेंटरमधल्या चित्रात त्यानं लेनिनचा चेहरा घातला, तो काढायला नकार दिला, मेहनतान्याचे पूर्ण पैसे हातात ठेवून त्याला थांबवण्यात आलं आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते चित्र फोडून नष्ट केलं गेलं. त्या कमाईतून त्यानं न्यूयॉर्कमध्येच एका कामगार शाळेसाठी २१ पॅनेल केली, तीही हलवता येणारी. शहाणपण अनुभवातून आलं होतं.

६० × ४५ सेंटिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड घ्या. त्यावर कोंबडी जाळी स्क्रू आणि वायसरनं घट्ट बसवा, जाळी बोर्डपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहू द्या म्हणजे गिलावा मागे शिरतो. पहिला खरखरीत थर १० मिलिमीटरचा: एक लिटर चुन्याच्या लगद्याला अडीच लिटर धुतलेली, चाळलेली नदीची वाळू. वाळू धुणं टाळू नका, तिच्यातले क्षार नंतर लोणा होऊन बाहेर येतात. थर लावून रंध्यानं सपाट करा, पण घोटू नका, पृष्ठभाग खरबरीत हवा. सावलीत किमान दहा-पंधरा दिवस ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस हलकं पाणी मारत राहा.

शेवटचा थर चार मिलिमीटरचा: अर्धा लिटर लगद्याला पाऊण लिटर संगमरवरी भुकटी किंवा अगदी बारीक वाळू. आदल्या रात्री आणि सकाळी फळीला पोटभर पाणी पाजा. कोरडा खालचा थर वरच्याचं पाणी ओढून घेतो आणि तासाभरात खेळ संपतो. वरचा थर दोन हातांत लावा, मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग बोट टेकवून पाहा. ठसा उमटतोय तोवर थांबा. बोट गार लागतंय पण ठसा नाही, ही रंगवायची वेळ.

चुन्याबद्दल तडजोड करू नका. कळीचा चुना स्वतः विरवणार असाल तर लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलंत तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली, आणि लहान मुलं लांब. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून किमान सहा महिने मुरू द्या. वर्षभर ठेवलात तर अधिक लोण्यासारखा होतो. वर साचणारी निवळी फेकू नका, रंग पातळ करायला ती साध्या पाण्यापेक्षा बरी. दुकानातली चुना पावडर भिजवून सरावाला चालेल, पण ती जुनी असेल तर हवेनं आधीच मेलेली असते. प्लास्टर ऑफ पॅरिस, वॉल पुट्टी, पांढरं सिमेंट यातलं काहीही मिसळू नका. पुट्टीतलं पॉलिमर छिद्रं बुजवतं आणि जिप्समचे क्षार वर फुलतात.

रंगांसाठी गेरू, पिवडी (पिवळी माती), हिरमंजी (गडद तांबडी माती) आणि हिरवा क्रोमियम ऑक्साइड एवढं पुरे. बाजारातल्या गेरूत डाय मिसळलेला असू शकतो, म्हणून चाचणी करा: चिमूटभर रंग चुन्याच्या लगद्यात कालवून बाटलीत आठवडाभर ओला ठेवा. फिका पडला किंवा रंग बदलला तर टाकून द्या. काजळी तेलकट असते, पाण्यात भिजत नाही. लाकडी किंवा वेलीचा कोळसा खूप बारीक वाटून घ्या. निळ्यासाठी कपड्यांची पातळ नीळ नको, ती डाय असते. रंग पाण्यात संगमरवरी फरशीवर घोटून लापशीसारखे करून ठेवा आणि दिवसभराला लागतील तेवढे सकाळीच कालवा. वाळल्यावर रंग बराच उजळतो, त्यामुळे दुपारी कालवलेला तोच रंग सकाळच्याशी जुळत नाही. छटा तपासायला भाजलेल्या कौलाच्या तुकड्यावर एक फराटा मारा. कौल पाणी लगेच शोषतं आणि वाळलेला रंग साधारण काय असेल ते दाखवतं.

बिघडतं ते बहुतेक वेळेच्या हिशेबात. ब्रशबरोबर गिलावा उठून रंग गढूळ झाला, तर तुम्ही लवकर सुरू केलंत. वाळल्यावर रंग बोटाला लागतोय, तर उशीर केलात. बारीक जाळीसारख्या भेगा पडल्या, तर चुना जास्त किंवा ऊन-वारा लागला. विदर्भात वैशाखात हे हटकून होतं, तिथं पहाटेच लावा आणि ओलं गोणपाट टांगा. कोकणात पावसाळ्यात उलट: गिलावा तासन्‌तास तसाच बसून राहतो, घाई करू नका. पांढरी बुरशीसारखी पूड वर आली तर तो लोणा, आणि तो बहुतेक वेळा मागच्या सिमेंटमधून किंवा न धुतलेल्या वाळूतून येतो. ब्रश डुकराच्या केसांचे मऊ, लांब घ्या. एकाच जागी चार-पाचदा घासू नका, हात फिरवून पुढे जा, थर थोडा थांबून पुन्हा चढवा.

चुन्याची शिस्त रिव्हेरानं स्वतः सोडली तेव्हा काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक उद्यानातल्या कार्कामो दे दोलोरेस या पाण्याच्या टाकीत त्यानं 'पाणी, जीवनाचा उगम' हे चित्र थेट वाहत्या पाण्याखाली राहील असं केलं. त्यासाठी पॉलिस्टायरीन आणि रबराचं मिश्रण वापरलं. पाण्यानं ते खाल्लं. अखेर पाणी दुसरीकडे वळवून चित्राचं जतन करावं लागलं. याउलट १९४७ च्या सुमाराचं 'आलामेदा बागेतल्या रविवार दुपारचं स्वप्न' हे चुन्यातलं चित्र, साधारण १५ मीटर लांब, १९८५ च्या भूकंपात हॉटेल देल प्रादो मोडकळीला आलं तरी वाचलं आणि अख्खंच्या अख्खं उचलून शेजारी खास बांधलेल्या संग्रहालयात नेलं गेलं. त्याच्या मधोमध मेक्सिकन छापचित्रकार पोसादाची प्रसिद्ध सांगाड्याची बाई, तिचा हात धरलेला पोरगेला रिव्हेरा आणि मागे फ्रीडा.

एक दुवा मराठी वाचकाला ठाऊक असावा. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात रिव्हेरानं १९२४ ते १९२७ दरम्यान जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती आणि छत रंगवलं. त्याच विद्यालयात वर्ध्याचे, परदेशातून ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मक्याच्या जातींवर काम करत होते. शिक्षण मंत्रालयातल्या 'आमची भाकर' या पॅनेलमध्ये भाकर मोडणाऱ्या माणसात त्यांचा चेहरा आहे असं सांगितलं जातं. चेहऱ्याबद्दल वाद घालता येईल, खानखोज्यांच्या चापिंगोतल्या कामाबद्दल नाही. छायाचित्रकार तिना मोदोत्तीनं त्यांच्या मक्याची छायाचित्रं काढली होती, आणि चापिंगोच्या भिंतींवर रिव्हेरानं मोदोत्तीलाच मॉडेल म्हणून घेतलं होतं.

पहिल्या फळीवर चेहरा घेऊ नका. चेहऱ्यात छटा फार आणि वेळ कमी. रिव्हेरासारखी पाठमोरी बसलेली बाई आणि तिच्यासमोर टोपली घ्या: डोक्यावरून आलेल्या पदराची एक सलग कड, टोपलीचा गोल, मागे सपाट पिवडी. आधी सगळं काळ्यात बांधा, मग गेरू आणि हिरमंजी चढवा. दुपारनंतर ब्रश अडखळायला लागला, रंग ओढला जाईनासा झाला, की थांबा. पिवडी राहिली असेल तर तेवढा भाग पदराच्या कडेनं तिरका कापून काढा आणि उद्या सकाळी तिथं नवा गिलावा भिडवा. पहिला सांधा कसा वाळतो तेही त्यातच कळेल.